मिस्त्रींचा कान आणि टाकीचे टोपण

आमच्या शहराच्या दुसऱ्या टोकाला पत्र्याच्या तीन शेडी एका ओळीत उभ्या आहेत. त्यांपैकी मधल्या शेडीत गेली एकेचाळीस वर्षे मोटारी दुरुस्त होत आहेत. दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांना सगळे जण नुसते ‘मिस्त्री’ म्हणतात. मूर्ती ठेंगणी, खांदे रुंद, आवाज हळू, आणि उजव्या कानामागे कायमचा एक काळसर डाग. तो डाग कशाचा, हे सांगितल्यावाचून मिस्त्रींची ओळख पुरी होणार नाही.

त्यांच्या वडिलांची एक काठी होती. तिची मूठ केव्हाच गळून पडली आणि हातभर लांबीची गुळगुळीत दांडी तेवढी उरली. तिचे एक टोक इंजिनाच्या संशयित भागावर टेकवायचे, दुसरे कानामागच्या हाडाला लावायचे आणि डोळे मिटायचे, ही मिस्त्रींची तपासण्याची पद्धत. दांडीच्या टोकाला लागलेले तेल कानामागे उतरते आणि साबणाला दाद देत नाही. डोळे मिटून ते अर्धा मिनिट उभे राहतात, मग दांडी खाली ठेवतात आणि रोगाचे नाव सांगतात. ते नाव चुकल्याचे मी पंचवीस वर्षांत ऐकले नव्हते.

एकच उदाहरण देतो. एकदा वळणावर माझ्या गाडीच्या डाव्या दारातून बारीक खडखड येऊ लागली. मिस्त्रींनी दार दोनदा उघडले, दोनदा लावले आणि म्हणाले, “आत पेन्सिल आहे, साहेब.” मी हसलो. ते पुढे म्हणाले, “गोल नाही. सहा कडांची. गोल असती तर अशी अडखळत गेली नसती.” दाराचे आतले आवरण काढल्यावर खरोखरच सहा कडांची पेन्सिल निघाली. सहा वर्षांपूर्वी हरवलेली ती माझ्या कार्यालयातली पेन्सिल होती. नकाशे काढणाऱ्या खात्यात मी त्या वेळी प्रमुख होतो, म्हणून मिस्त्री मला ‘नकाशेसाहेब’ म्हणत. पुढे निवृत्त झालो तरी त्यांनी मला पदावरून उतरवले नाही.

माझी गाडी सव्वीस वर्षांची आहे. यंदाच्या उन्हाळ्याच्या आरंभी तिला एक चमत्कारिक विकार जडला. सकाळी घरून निघताना ती अगदी शहाण्यासारखी चालायची. अर्धा तास झाला की मागच्या आसनाखालून एक उंच, अखंड सूर निघू लागे. सिग्नलला थांबावे, तर स्टीअरिंग हातात थरथरायचे, इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा खाली पडून पुन्हा सावरायचा आणि दोनदा तर इंजिन भर रस्त्यात बंद पडले. मागून हॉर्नचा गदारोळ झाला. आमच्या सौभाग्यवती शेजारी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “मागे कुणी बसलंय का बघा तरी. इतका वेळ कोण रडतंय?”

त्या आसनाखाली पेट्रोलची टाकी असते, आणि टाकीत विजेवर चालणारा लहानसा फ्युएल पंप. तो पेट्रोल ओढून इंजिनाकडे धाडतो. एवढे मला ठाऊक होते, म्हणून दिवस ठरवून मी गाडी मिस्त्रींकडे नेली. घरापासून त्यांची शेड पाऊण तासाच्या अंतरावर आहे.

मिस्त्रींनी इंजिन चालू केले, मागचे आसन उचलले आणि टाकीवरच्या गोल झाकणावर दांडी टेकवली. डोळे मिटले. नेहमीचे अर्धे मिनिट उलटले, पाठोपाठ दुसरेही. त्यांनी दांडी उचलून पुन्हा टेकवली. कपाळाला आठी पडली.

“येतोय ना आवाज?” शेडीच्या दारातल्या बाकावरून मी विचारले.

“हो,” ते म्हणाले. “येतोय. फिल्टर बदलू.”

हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही, हे मला पुष्कळ नंतर आठवले. मी म्हणालो, “मिसिंगही होतेय, मिस्त्री. गाडी उभी केली की हातपाय गाळते.” त्यांनी मान हलवली आणि काम सुरू केले. फिल्टर बदलून झाला, त्यांनी दहा मिनिटांची एक फेरी मारून आणली. गाडी अगदी गुणी निघाली. परत घरी जाताना, घर पंधरा मिनिटांवर आले असता, मागचे रडणे पुन्हा सुरू झाले.

बारा दिवसांनी दुसरी खेप झाली. पुन्हा दांडी, पुन्हा मिटलेले डोळे, पुन्हा “येतोय आवाज”. या वेळी त्यांनी टाकीतला फ्युएल पंपच नवा घातला. घरी जाताना तोच सूर त्याच वळणावर लागला. तिसऱ्या खेपेला त्यांनी पेट्रोलचा दाब मोजण्याचे घड्याळ नळीला जोडून पाहिले. दाब अगदी योग्य. मग प्लग साफ केले, हवा आत घेणारा मार्ग धुतला. मिस्त्रींचे हात नेहमीसारखे नेमके चालत होते, पण बोलणे पार आटले होते.

त्याच दिवशी त्यांची लेक तिथे आली. एका मोठ्या, काचेच्या भिंतींच्या सर्व्हिस सेंटरमध्ये ती मोटारींचे दोष शोधण्याचेच काम करते. तिथे गाडीला तार जोडली की पडद्यावर दुखणे उमटते. बापलेकीची त्यावरून कायम जुगलबंदी चालत असे. ती दांडीला ‘तुमची अँटेना’ म्हणायची आणि ते तिच्या पडद्याला ‘तुझा दूरदर्शन’. त्या दिवशी मात्र तिचा सूर वेगळा होता. मी बाकावर वर्तमानपत्र वाचत होतो आणि शेडीतले बोलणे स्पष्ट ऐकू येत होते.

“बाबा, यांच्या गाडीतला काढलेला पंप मी आमच्याकडे नेऊन चालवून पाहिला. ठणठणीत आहे.”

आत पाना खाली ठेवल्याचा खणखणाट झाला.

“मग तुम्हाला आवाज कसला येत होता?”

“आवाज आवाजासारखा येत होता.”

“बाबा, कानाच्या डॉक्टरकडे चला. एक तपासणी करू. दुखत नाही, काही नाही.”

“माझे कान मला माहीत आहेत.”

“तेच म्हणते मी. तुम्हाला माहीत आहे, पण सांगत नाही.”

वर्तमानपत्राची घडी घालून मी उगाच अंगणात फेऱ्या मारू लागलो. थोड्या वेळाने मिस्त्री बाहेर आले आणि बाकावर टेकले. माझ्या देखत ते कधी बसत नसत.

“नकाशेसाहेब, तीस तारखेला शेड बंद करतोय.”

“अहो, हे काय बोलता?”

“कान गेले. आता उगाच अंदाजानं लोकांचे पार्ट बदलत बसायचं का? पोरगी म्हणते, घरी बसा. बसतो. तुमची गाडी मात्र अशी सोडून जाणार नाही. अठ्ठावीसला आणा. शेवटची.”

घरी येऊन मी हे सांगितले तेव्हा सौभाग्यवतींनी हातातले काम खाली ठेवले. “आपल्या एका गाडीपायी त्या माणसाचा जन्माचा धंदा सुटणार?” त्या म्हणाल्या. त्या रात्री जेवण मला गोड लागले नाही.

अठ्ठावीस तारखेला मी नेहमीच्या वेळी निघालो. अर्ध्या तासाने सूर लागला, सिग्नलला गाडी थरथरू लागली. सारे ठरल्यासारखे होत होते. मिस्त्रींच्या शेडीपासून पाच मिनिटांवर, नाक्यावर एक पेट्रोल पंप आहे. दर खेपेस मी तिथे टाकी भरून मगच पुढे जात असे. कुणाकडे काम सांगायला जावे आणि गाडीत पेट्रोल नसल्याने त्या माणसाला फेरी मारता येऊ नये, हे मला प्रशस्त वाटत नाही. त्या दिवशी मात्र पेट्रोल पंपाच्या तोंडाशी दोरी बांधलेली होती. आत टँकर रिकामा होत होता. नोकराने हात हलवून “तासाभराने या” अशी खूण केली. माझा अगदी विरस झाला. काटा निम्म्याच्या खाली होता. तसाच पुढे गेलो.

शेडीसमोरच्या अंगणात गाडी वळवली आणि किल्लीकडे हात नेला, एवढ्यात आतून आरोळी आली.

“बंद करू नका! किल्लीला हात लावू नका!”

मिस्त्री आतून अक्षरशः धावत आले. त्यांच्या हातात फडक्यात अर्धवट गुंडाळलेले पाने होते. मागोमाग लेकही आली. तिने सुट्टी घेतली होती आणि हत्यारे खोक्यांत भरून त्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. गाडीच्या मागच्या चाकाशी येऊन मिस्त्री खिळल्यासारखे उभे राहिले. इंजिन थडथडत होते आणि आसनाखालचा सूर टिपेला पोचला होता.

“तुला येतोय ना गं?” त्यांनी लेकीला विचारले.

“बाबा, पलीकडच्या गल्लीलासुद्धा येत असेल!”

“पण मी आतून ऐकला. मागच्या खोलीतून. भिंतीआडून.” त्यांनी पाने बॉनेटवर ठेवले. मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, “साहेब, एक सांगायचं राहिलंय. मागच्या तिन्ही वेळेला मला काहीसुद्धा ऐकू आलं नव्हतं.”

“पण आपण तर म्हणालात...”

“म्हणालो. तुम्ही सांगताय आवाज आहे, तुमच्यासारखा माणूस उगाच सांगणार नाही. म्हणजे आवाज आहे आणि माझाच कान बसलाय, असं धरून चाललो. नाही म्हणायला जीभ वळेना. चाळीस वर्षं त्या कानावर नाव कमावलं.”

लेक आत वळली. तिने आतून दांडी आणून त्यांच्या हातात दिली.

मिस्त्रींनी आसन उचलले, झाकणावर दांडी टेकवली आणि डोळे मिटले. या वेळी अर्धे मिनिटही लागले नाही.

“पंप झिजलेला नाही. झिजलेला पंप खरखरतो. हा ओढतोय. जोर लावून ओढतोय आणि हाताला काही लागत नाहीये.” ते सरळ उभे राहिले. “साहेब, आज तुम्ही काय वेगळं केलंत?”

“काही नाही.”

“आठवा.”

आठवण्यापेक्षा पाहणे बरे, म्हणून मी गाडीची वही काढली. प्रत्येक प्रवासाची नोंद मी तीत ठेवतो. मी वाचू लागलो. “सात तारीख. निघालो सव्वानऊ. आवाज सुरू, नऊ पंचेचाळीस. पेट्रोल भरले, नऊ पंचावन्न. आपल्याकडे पोचलो, दहा.” पुढची नोंद एकोणीस तारखेची. आवाज सुरू, पेट्रोल भरले, पोचलो. त्यापुढची पंचवीसची. तेच. “आजची अजून लिहायची आहे. आज पेट्रोल भरता आले नाही.”

“दर वेळी इथं येण्याआधी टोपण उघडत होता?”

“टोपण उघडल्याशिवाय पेट्रोल कसे भरणार?”

“आणि नंतर, इथं पोचेपर्यंत आवाज यायचा?”

मला थांबून विचार करावा लागला. कमी झाल्यासारखा वाटायचा खरा. पण दवाखान्याच्या पायरीवर दुखणे जरा हलके वाटते, त्यातलाच तो प्रकार असेल, असे समजून मी तिकडे लक्ष दिले नव्हते. हे मी सांगताच लेकीने कपाळाला हात लावला.

“अहो काका, म्हणजे तुम्ही पेशंटला नाक्यावर बरं करून मग डॉक्टरांपुढे आणत होता! आणि बाबा त्या धडधाकट पेशंटला दांडी लावून ‘हो, हो, दुखतंय’ म्हणत होते!”

मिस्त्रींचे तिकडे ध्यान नव्हते. ते टाकीच्या तोंडाशी गेले आणि त्यांनी टोपण अर्धा फेरा फिरवले. फुस्स करून जो आवाज सुरू झाला तो लवकर संपेना. टाकीचा पत्रा आतून ‘टण्’ असा वाजला. आणि मागचा सूर उतरत उतरत नाहीसा झाला. थोड्या वेळाने इंजिनाची थडथड थांबली. काटा एका जागी स्थिरावला. अंगणात इतकी शांतता झाली की शेजारच्या शेडीतला रेडिओ ऐकू येऊ लागला.

मिस्त्रींनी टोपण उलटे केले. आत काळ्या रबराची एक चकती बसवलेली होती, काठ अगदी गोल कापलेला.

“झकास कापलीय,” ते म्हणाले. “कंपास लावून कापल्यासारखी. कुणाचं काम हे?”

कंपास लावूनच कापली होती. “माझे,” मी म्हणालो.

वसंताच्या सुमारास आमच्या गाडीखान्यात पेट्रोलचा वास येऊ लागला होता. सौभाग्यवतींनी तक्रार केली, मी शोध घेतला, तेव्हा टोपणाच्या आत सुईच्या अग्राएवढे एक छिद्र दिसले. इतक्या जुन्या वस्तूला छिद्र पडायचेच, असे मानून मी सायकलच्या ट्यूबची चकती कापली आणि ते बंद करून टाकले. त्याची नोंदही केली होती. पण ती ‘घर : किरकोळ’ या वहीत. तक्रार गाडीखान्याच्या वासाची होती, गाडीची नव्हती. म्हणून नुकत्याच वाचून दाखवलेल्या गाडीच्या वहीत हे कुठेच नव्हते.

“साहेब, ते छिद्र टाकीचं नाक आहे,” मिस्त्री सांगू लागले. रागावलेले मुळीच नव्हते. “जेवढं पेट्रोल बाहेर जातं, तेवढी हवा आत यायला नको? तुम्ही नाक दाबून धरलंत आणि पंपाला म्हणालात, ओढ! अर्धा तास बिचारा ओढायचा, मग रडायला लागायचा. इंजिनाला पुरेसं मिळेना, म्हणून उभं राहिलं की थरथर. टोपण उघडलं की श्वास मोकळा. माझं घड्याळही म्हणूनच दाब बरोबर दाखवायचं.”

“मिस्त्री, माझ्यामुळे आपण...”

“राहू द्या हो.” ते हसले, आणि हसू आवरेना म्हणून बाकावर बसले. “मला आवाज येत नव्हता, कारण आवाज नव्हता! अगं, नव्हताच! मी बरोबर ऐकत होतो!” आणि त्यांनी फडक्याने डोळे पुसले. फडक्यावरचे ग्रीस गालाला लागले, ते लेकीने दाखवले तरी त्यांना त्याची पर्वा नव्हती.

वास कुठून येत होता, ते लेकीने शोधले. टाकीच्या तोंडापासून आत जाणाऱ्या रबरी नळीला भेग पडली होती; तिच्यातून वाफ बाहेर येई, पण आतून ओढ लागली की ती आपोआप मिटून जाई. तिने ती नवी घातली. मिस्त्रींनी चकती काढून छिद्र तारेने साफ केले. मग आम्ही तिघे गाडीत बसलो आणि तासभर शहरात हिंडलो. टोपण कुणी उघडायचे नाही, असे ठरले होते. तीस मिनिटे झाली. चाळीस झाली. मिस्त्री मागच्या आसनावर, पंपाच्या बरोबर वर, डोळे मिटून बसले होते. एका लांब सिग्नलला गाडी इतकी निवांत उभी होती की इंजिन बंद पडले, असे समजून मी किल्ली फिरवायला गेलो.

“चालू आहे, साहेब,” मागून आवाज आला. “नीट ऐका.”

परत आल्यावर लेक खोक्यांकडे पाहत उभी राहिली. एकोणीस खोकी, प्रत्येकावर चिठ्ठी. “आता हे सगळं परत कोण लावणार?”

“तूच. भरलं कुणी?”

“आणि कानाचा डॉक्टर?”

“सोमवारची वेळ घे,” मिस्त्री म्हणाले. “आता जायला काय झालंय? आता तो काय सांगेल ते ऐकायला मी भीत नाही.”

सोमवारी ते गेले. डाव्या कानात वयोमानाने थोडी घट आहे, उजव्याला काही झालेले नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. मिस्त्रींनी हे मला फोन करून कळवले आणि वर म्हणाले, “डाव्याला मी कधी काम सांगितलंच नव्हतं.” तीस तारीख आली आणि गेली. शेडीचे दार नेहमीप्रमाणे साडेआठला उघडले.

माझ्याकडून एक प्रायश्चित्त व्हायला हवे होते. मी नकाशाच्या जाड कागदावर, काळ्या शाईने, नीट रेखून एक फलक लिहिला आणि त्यांना नेऊन दिला. मजकूर मिस्त्रींनीच सांगितला होता. शेडीच्या दारात, बाकाच्या बरोबर वर, तो आता लावलेला आहे :

‘गाडी आजारी असेल तशीच आणावी. तोंड धुऊन आणू नये. घरी काही बुजवले असल्यास आधी सांगावे.’

मागच्या महिन्यात मी ब्रेकची तपासणी करून घ्यायला गेलो, तेव्हा नाक्यावरचा पेट्रोल पंप उघडा होता आणि काटा निम्म्याखाली होता. मी तसाच पुढे गेलो. शेडीत शिरताच मिस्त्रींनी दांडीवरून मान उचलून विचारले, “टोपण?”

“उघडलेले नाही,” मी म्हणालो, आणि त्यांच्या समोरच्या बाकावर जाऊन बसलो.